बंद करता आला

त्या रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली आणि रिअ‍ॅक्टरचं थंड पाणी थांबलं. वाफेचा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते टॉर्च दातांत धरून शिडी चढले. हँडव्हॉल्व्हचं चाक जाम होतं. त्यांनी त्यात पाना अडकवला, सगळं अंग त्यावर टाकलं आणि दोन दहाला वाफ बंद केली. खाली उतरले तेव्हा उजव्या तळहाताची साल निघाली होती.

रिपोर्ट मी लिहिला. तो परदेशातल्या ग्राहकाकडे जायचा होता, म्हणून इंग्रजीत. मनात वाक्य होतं, 'तात्या व्हॉल्व्ह बंद करू शकले.' शकतो म्हणजे 'कॅन', शकले म्हणजे 'कुड', हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. मी लिहून टाकलं, 'द ऑपरेटर कुड क्लोज द व्हॉल्व्ह अ‍ॅट टू टेन.'

चार दिवसांनी तिकडच्या सेफ्टी ऑडिटर बाईंचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारलं, व्हॉल्व्ह बंद करणं ऑपरेटरला शक्य होतं हे कळलं, पण त्याने तो बंद केला का?

तात्या शेजारीच उभे होते. मी त्यांना प्रश्न सांगितला. "साहेब, मीच केला की बंद! त्यांना शंका कसली आली?" ते म्हणाले आणि नकळत हाताच्या पट्टीकडे बघू लागले. मला फार वाईट वाटलं. माझ्या एका शब्दाने त्यांचं काम कागदावरून पुसलं गेलं होतं.

त्या रात्री मी व्याकरणाचं पुस्तक काढून बसलो. भूतकाळात एखादी गोष्ट येत असे, अंगात होती, तर 'कुड'. एका विशिष्ट वेळी ती प्रत्यक्ष जमली, तर 'वॉज एबल टू', आणि झगडून जमली तर 'मॅनेज्ड टू'. नकारात ही अडचण नाही. 'कुडन्ट' दोन्हीकडे चालतं. दिसणं, ऐकू येणं, वास येणं यांनाही 'कुड' चालतं.

वाचता वाचता लक्षात आलं, हा भेद मराठीत मी रोज करतो. 'मला पोहता येत होतं' म्हणजे कला अंगात होती. 'मला पैलतीरापर्यंत पोहता आलं' म्हणजे त्या दिवशी पोचलो. 'येत होतं' तिथे 'कुड', 'आलं' तिथे 'वॉज एबल टू'. माझ्या कानाला सगळं ठाऊक होतं; मी मात्र 'शकले' या एका शब्दावर विसंबलो.

रिपोर्टच्या शेवटी आणखी एक चूक सापडली. वरील माहिती खरी आहे, असं सांगताना मी 'टू द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी' लिहिलं होतं. पण माहितीचा खरेपणा ताकदीवर ठरत नाही, माहीत असण्यावर ठरतो. तिथे 'नॉलेज' हवं. 'अ‍ॅबिलिटी' काम पार पाडण्याच्या वचनाला शोभते. आपल्या संविधानाच्या ६०व्या अनुच्छेदातल्या राष्ट्रपतींच्या शपथेत म्हणूनच 'अ‍ॅबिलिटी' आहे. न्यायाधीशांच्या शपथेत तिच्या जोडीला 'नॉलेज' आणि 'जजमेंट'ही येतात, कारण त्यांचं कामच जाणून निवाडा करण्याचं.

आता नव्या मुलांना मी एवढंच सांगतो: आधी घडलेली गोष्ट मराठीत मोठ्याने म्हणा. 'येत होतं' म्हणालात की 'आलं', हे ऐका, मग लिहा. अपघाताच्या रिपोर्टमध्ये कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, ते त्याच्या नावावर राहिलं पाहिजे.

दुरुस्त रिपोर्ट पाठवण्याआधी तो मी तात्यांना मराठीतून समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "चाक जाम होतं, ते आलंय ना त्यात?"

"आलंय तात्या," मी म्हणालो. 'मॅनेज्ड टू क्लोज' लिहिलं होतं.