सिनसिनाटी ते लायमा : एका जुन्या रुग्णवाहिकेच्या शोधात

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु हौसेला काही मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील ओहायो राज्यात हिंडताना आमच्यापुढे निराळ्याच रूपाने उभा राहिला. जुन्या मोटारी जमविणारे शौकीन सर्वत्र आढळतात. तथापि जुन्या रुग्णवाहिका व शववाहिका विकत घेऊन त्या जिवापाड सांभाळणारी मंडळी तेथे आहेत, हे ऐकून प्रथम अंगावर काटाच आला. १९७६ साली त्यांनी प्रोफेशनल कार सोसायटी नावाची संस्थाही स्थापन केली. तेथे स्थायिक झालेले आमचे एक स्नेही अशीच आपली पहिली गाडी शोधीत होते. त्यांच्यासमवेत दोन दिवस प्रवास करण्याचा योग आला.

ओहायो हे या गाड्यांचे माहेरघर. दक्षिणेस ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी शहर वसले आहे. तेथे १८७६ साली सेअर्स अँड स्कोव्हिल यांनी घोडागाड्या बांधण्यास आरंभ केला. पुढे तो वारसा हेस अँड आयझेनहार्ट यांच्याकडे गेला. अध्यक्ष केनेडी यांची लांबलचक लिंकन मोटार १९६१ साली याच कारखान्यात सिद्ध झाली. तेथून ७५ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेस निघाले की राइट बंधूंचे डेटन लागते. पुढे दुतर्फा मका व सोयाबीन यांची सपाट शेते पाहत नदीकाठच्या टुमदार पिक्वा गावी आपण पोहोचतो. मिलर-मीटिअर गाड्या येथल्या. आणखी सुमारे ४५ मैलांवर लायमा, म्हणजे सुपीरिअर कंपनीचे गाव. सव्वाशे मैलांच्या एकाच रस्त्यावर तीन नामांकित कारखाने! कॅडिलॅकने लांब चासी पाठवावी आणि येथील कारागिरांनी तीवर हाताने बॉडी चढवावी, असा क्रम होता.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या देशातील लहान गावांत रुग्णास इस्पितळात नेण्याचे काम पुष्कळदा अंत्यविधीचा व्यवसाय करणारी घराणीच करीत, कारण आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याच दारी असे. १९६६ सालच्या एका राष्ट्रीय अहवालात देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहतूक अशा १२,००० व्यावसायिकांकडे असल्याचे नमूद आहे. त्यांच्यासाठी दुहेरी गाड्या बनत. तळातील रूळ उलटे केले की सपाट जमीन होई, छतावर लाल दिवा बसे आणि शववाहिकेची रुग्णवाहिका होई. त्याच अहवालाने या सेवेतील उणिवा उघड केल्या. १९७४ साली रुग्णवाहिकांसाठी सरकारी नियम आले, उंच छताच्या गाड्या प्रचारात आल्या आणि ते दशक सरता सरता या बैठ्या गाड्यांचे युग संपले.

आमच्या स्नेह्यांच्या मातोश्री त्यांच्याकडेच राहतात. त्यांचा प्रथम सक्त विरोध होता. "अरे, दारात प्रेताची गाडी उभी करणार का तू?" असे त्यांनी विचारले. स्नेह्यांनी काहीही न लपविता दुहेरी गाडीची सर्व हकीकत त्यांस सांगितली. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजाऱ्याला नेणारी आणि गेलेल्याला पोहोचवणारी एकच असेल, तर ती गावाची सोबतीणच म्हणायची. आण. मात्र तिची थट्टा होता कामा नये."

लायमाच्या अलीकडे एका खेड्यात १९६७ सालची सुपीरिअर दुहेरी गाडी पाहण्यात आली. पाहण्याची रीत शिकण्यासारखी आहे. आरंभी फीत काढावी. यांतील कित्येक गाड्या सुमारे २१ फूट लांब असतात आणि सामान्य घरची मोटारखोली बहुधा तेवढी खोल नसते. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. सबब गाडीखाली निजून गंज पाहावा आणि पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. तो न चिकटला, तर आत लांबी भरलेली आहे असे समजावे. इंजिनाचे भाग साध्या कॅडिलॅकचेच असल्याने मिळतात. परंतु मागील काचा, दारे व पट्ट्या हातघडणीच्या, त्या हरवल्या तर दुसऱ्या मिळणे महाकठीण. म्हणून नवशिक्याने बंद पडलेली, पण सर्वांगाने पूर्ण गाडी घ्यावी. चकचकीत परंतु अपुरी घेऊ नये. शववाहिका बहुधा हळू चालविलेल्या व घरात ठेवलेल्या असतात, रुग्णवाहिकांनी मात्र फार धकाधकी सोसलेली असते.

कागदपत्रांचे महत्त्व तर याहून अधिक. केनेडी यांचे शव वाहून नेलेली म्हणून एक पाँटिअॅक रुग्णवाहिका २०११ साली लिलावात १,२०,००० डॉलरांच्या बोलीने विकली गेली. मूळ गाडी १९८६ सालीच चेपून नष्ट केली होती, असे जाणकारांनी त्यापूर्वीच बजावले होते. तेव्हा ऐकीव इतिहासाला पैसे मोजू नयेत. कारखान्याची पाटी, मालकीचा दाखला व जुनी छायाचित्रे यांचा मेळ घालून पाहावा.

त्या गाडीचा वृद्ध मालक स्वतः त्याच व्यवसायातला. किमतीपूर्वी त्याने एकच विचारले, "हिचे तुम्ही काय करणार?" पुष्कळ गिऱ्हाइके भुताखेतांच्या सणाला सांगाडे बसवून मिरविण्यासाठी येतात, त्यांना तो परत पाठवितो. याच गाडीतून त्याने शेजाऱ्यांच्या बाळंतिणी इस्पितळात नेल्या होत्या आणि स्वतःच्या वडिलांना स्मशानात. स्नेह्यांनी आपल्या आईची अट त्यास सांगितली. म्हाताऱ्याने मान हलविली, आत जाऊन काढून ठेवलेला लाल दिवा व घडीचा पलंग आणला आणि त्यांचे निराळे पैसे घेतले नाहीत.

अशी गाडी त्याच सालच्या उघड्या कॅडिलॅकहून पुष्कळ स्वस्त पडते, हे खरे. परंतु जिच्यात कित्येक कुटुंबांनी आपली अवघड घटिका काढली, ती वस्तू घरी आणणे ही नुसती खरेदी नव्हे. मातोश्रींची अट पाळण्याची तयारी असेल, त्यानेच ही हौस करावी.