मे महिन्यातली बेगमी

आज रविवार. सकाळी सातलाच चिंच फोडायला बसले. चिंचोके, शिरा काढून, जाडं मीठ लावून गोळे बरणीत दाबले. गच्चीवर तूरडाळ वाळत होती. संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावर एरंडेलाचा हात लावून डब्यात भरली. गरम डाळ भरली तर डब्याला आतून घाम सुटतो, हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

दुपार मात्र भाजणीची. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धने, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. उडीद तांबूस झाले की वास जिन्यापर्यंत जातो. इथे घाई नकोच. आत कच्चं राहिलं की थालीपीठाला तो खमंगपणा येतच नाही. नोकरदार घरात भाजणी दळून केलेल्या या पिठासारखा आधार नाही. रात्री आठला दमून आलं तरी कांदा, तिखट, मीठ घालून भिजवायचं, गार तव्यावर थापायचं, मधे भोकं पाडून तेल सोडायचं. अर्ध्या तासात सगळे जेवायला बसतात.

यंदा कढईपाशी मुलगाही उभा होता. उडीद त्यानेच भाजले. तुम्हीही हे काम एकटीने उरकू नका, घरातल्या सगळ्यांना हाताशी घ्या.