आबांचं पाकीट

मागच्या महिन्यात आपल्या कॉलेजात एनएसएसवाल्यांनी कॅन्टीनच्या जिन्यापाशी मतदार नोंदणीचं टेबल मांडलं होतं. मीही फॉर्म ६ घेतला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि पत्त्याच्या रकान्यापाशी थांबले. टेबलावरची मुलगी म्हणाली, "हॉस्टेलचा टाक ना, चालतो." चालतो हे मलाही माहीत होतं. शिकायला बाहेर राहणाऱ्याला घरचा पत्ता देता येतो किंवा हॉस्टेलचा. पण दोन्ही नाही, एकच. मी फॉर्मची घडी करून तो बॅगेत टाकला. अजून तिथेच आहे.

मी धारची. वाङ्मय मंडळात पहिल्या दिवशी असं सांगितलं तेव्हा दोघांनी "धारावी?" असं विचारलं होतं. तर धारावी नाही, धार. मध्य प्रदेशातलं, पवारांच्या संस्थानाचं. दुसरा बाजीराव तिथल्या किल्ल्यात जन्मला. आमच्यासारखी मराठी घरं तिथे अजून आहेत. घरात मराठी, दारात हिंदी, आणि घरातल्या मराठीतही निम्मी हिंदी. माझ्या आजीच्या मराठीत 'निवडणूक' नाहीच, 'चुनाव' आहे.

२००८ च्या चुनावाच्या वेळी आमच्या घरात चार मतं होती. आबा, आजी, बाबा, आई. मतदान होतं २७ नोव्हेंबरला. आई माझ्या वेळी बाळंतपणाला मुंबईला, माहेरी आलेली. तिची आई हयात नव्हती, म्हणून धारची आजीही तिच्याबरोबर मालाडला. बाबांनी ठरवलं होतं की मत टाकून मगच निघायचं. पण २६ ला सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला आणि ते दुपारची अवंतिका पकडून निघाले. राहिले आबा.

आबा सरकारी शाळेत शिक्षक, त्यामुळे चुनाव आला की ड्यूटी आलीच. त्या वर्षी ते पीठासीन अधिकारी, आणि बूथ मिळालं मांडूच्या पलीकडच्या एका पाड्यावर. मांडूला आम्ही मांडवच म्हणतो. (लहानपणी मला वाटायचं, तिथे कायम कुणाचं तरी लग्न चालू असतं.) धारपासून पस्तीस किलोमीटर. सुट्टीत पाहुणे आले की जहाज महाल, होशंगशाहाची कबर, परत येताना गोरखचिंच विकत घ्यायची, असा ठरलेला कार्यक्रम. पण मांडव धारच्या विधानसभा जागेत येत नाही. जिल्ह्यात सात जागा आहेत, त्यातल्या पाच आदिवासींसाठी राखीव. मांडव त्यांतल्या धरमपुरीत. धरमपुरी गाव तर पार खाली, नर्मदेच्या काठावर.

हे मला नकाशावरून कधीच कळलं नसतं. आबांनी रूपमतीच्या मंडपातून दाखवलं. गाईड लोक तिथे उभं करून सांगतात की हवा स्वच्छ असेल तर लांब ती चकाकते ना, ती नर्मदा, राणी रोज तिचं दर्शन घ्यायची. आबा गाईडला गप्प करून मला सांगायचे, "त्या रेघेपर्यंत हा मतदारसंघ. इथलं पठार, मधला घाट, खालचं निमाड. वरचा माणूस आणि नदीकाठचा माणूस एका यादीत. आणि धारच्या बाजारात रोज भेटणारे दोघे दोन याद्यांत." बाकीची मुलं बाजबहादूरची गोष्ट ऐकत असायची आणि मी हे.

तर आबांचं स्वतःचं मत धारच्या यादीत आणि ड्यूटी धरमपुरीत. अशा वेळी कर्मचाऱ्याला पोस्टाने मत देता येतं. त्यांनी अर्ज करून मतपत्रिका मागवली होती. खूण केली, आतल्या पाकिटात घालून ते चिकटवलं, घोषणापत्रावर साक्षांकनाची सही घेतली, सगळं बाहेरच्या पाकिटात भरलं. नुसतं पोचवायचं राहिलं. आल्यावर देऊ, मोजणी ८ डिसेंबरला आहे, असं म्हणून ते कपाटात ठेवून गेले.

२६ ला संध्याकाळी मशीन घेऊन ते पाड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत पोचले. फोनला रेंज नव्हती. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी शिपायाच्या ट्रान्झिस्टरवर कळलं की रात्री मुंबईत गोळीबार झालाय, ताज जळतंय. बायको मुंबईत, सून मुंबईत, मुलगा रात्रभर गाडीत. आणि आबा तिथे बसून नावं वाचून दाखवतायत, शाई लावली का बघतायत. दिवसभर त्यांना एकही फोन करता आला नाही.

त्या दिवसाबद्दल आबा फार वेळा बोलायचे, पण मुंबईबद्दल नाही. एका माणसाबद्दल. नियम असा आहे की मतदानाची वेळ संपली की पीठासीन अधिकाऱ्याने रांगेतल्या सगळ्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे. म्हणजे मागून कुणी घुसू नये. आबांनी चिठ्ठ्या वाटल्या, आणि त्यानंतर एक तरुण पळत आला. गुजरातेत मजुरीला होता. तिकडून आमच्या भागातली माणसं चुनावाला आणि भगोरियाला येतातच. बस लेट झाली, पुढे चालत आला, असं म्हणाला. खांद्यावरची पिशवीसुद्धा घरी ठेवली नव्हती. "माटसाब, वोट," एवढंच. आबा नाही म्हणाले. तो वाद घालत बसला नाही. आबा म्हणायचे, वाद घातला असता तर बरं झालं असतं. तो शाळेच्या पायरीवर बसून पाणी प्यायला आणि गेला.

नियमाने आबांचं बरोबरच होतं. मी एकदा तसं म्हणाले तर चिडले. "बरोबर होतं ते मला माहीत आहे."

रात्री मशीन जमा करून पहाटे ते घरी आले आणि तसेच मुंबईला निघाले. मी २८ ला जन्मले. सात डिसेंबरला रात्री ते धारला परतले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठून कपाट उघडलं तर पाकीट समोर. तोवर मोजणी सुरू झालेली होती. मोजणी सुरू व्हायच्या आत न पोचलेलं पोस्टाचं मत धरत नाहीत.

त्या दिवशी धारच्या जागेचा निकाल लागला. भाजपच्या नीना वर्मा विरुद्ध काँग्रेसचे बालमुकुंदसिंह गौतम. फरक एक मत.

एक. टायपिंगची चूक नाही. पुढे ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पण गावात तेव्हा एकच चर्चा होती: कोण मत टाकायला गेलं नाही? आमच्या घरातले चौघे गेले नव्हते.

बाबांचं गणित असं की चार मतं दोन-दोन वाटली गेली असती, काही फरक पडला नसता. पण ते कशावरून? आई सांगते तिने कुणाला दिलं असतं, बाबाही सांगतात, आणि ती दोन एकमेकांना खातात. उरले आजी-आबा. आबांचं मत तर चिकटवलेल्या पाकिटात. आजीने आजवर सांगितलेलं नाही. ती कुक्षीच्या जमुनादेवींचं भाषण असलं की आवर्जून जायची, बाई बोलते कशी बघा म्हणायची. पण विक्रम वर्मांनाही 'आपल्या गावचा माणूस' म्हणायची. त्यावरून काही ठरत नाही. मी लाडात येऊनही विचारून बघितलंय. "गुप्त मतदान आहे," एवढंच उत्तर.

२०२१ मध्ये आबा गेले. २०२३ ला धरमपुरीत काळूसिंह ठाकूर पांचीलाल मेडांना हरवून निवडून आले, ३५६ मतांनी. ती जागा २००८ पासून या दोघांतच आलटून पालटून जाते. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच भागातलं कारम धरण गळू लागलं होतं, अठरा गावं रिकामी करावी लागली होती. त्यामुळे चुरस असणार हे सगळ्यांना माहीत होतं. आजीने पेपरातला आकडा वाचला आणि म्हणाली, "ह्यांचा तो माणूस यंदा पोचला असेल का रे?" बाबांना कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय.

गेल्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात याद्यांची फेरतपासणी सुरू झाली. बीएलओ घरोघर छापील फॉर्म घेऊन आले. आमच्याकडे आबांचाही आला, नाव आणि जुना फोटो छापलेला. यादीत ते अजून होतेच. बाबांनी सांगितलं, वारले. त्यांनी नोंद केली. आजीने मात्र एक प्रत ठेवून घेतली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. त्याच डब्यात ते पाकीट आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण डिंक सुटलेला नाही. मी म्हणाले, आता उघडायला काय हरकत आहे, कुणाला कळणार? आजीने माझ्याकडे असं बघितलं की मीच डब्याचं झाकण लावलं.

परवा तिला फोन करून पत्त्याचं विचारलं.

"इकडचा लिहून काय करशील? यायचंय का तुला वोट टाकायला?"

म्हटलं, येईन की.

"सगळे असंच म्हणतात," आजी म्हणाली, आणि जेवलीस का विचारलं.

२०२८ चा चुनाव बहुतेक नोव्हेंबरातच येईल, म्हणजे माझ्या परीक्षेच्या आसपास. विद्यार्थ्यांना पोस्टाने मत देता येत नाही, ते मी बघून घेतलंय. अवंतिका मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटते, सकाळी इंदूर. तिथून धारला बसने दीड-दोन तास. फॉर्मवर मी पेन्सिलीने धारचा पत्ता लिहून ठेवलाय. मतदान संपायच्या कितीतरी आधी पोचता येतं, गाडी लेट झाली नाही तर.