दुरून नमस्कार

कटकट्या माणसाबद्दल आपण म्हणतो, 'त्याला आपला दुरूनच नमस्कार!' आमच्या नागपूरकराला मात्र हा दुरूनचा नमस्कार मुळीच साधत नाही. सीताबर्डीच्या भर गर्दीत तो गाडी थांबवील, 'काय म्हणता भाऊ, कसं सुरू आहे?' म्हणून विचारील, आणि तुम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्याचा हात तुमच्या खांद्यावर पडलेला असेल.

या शहरात नमस्कारांची वाणही नाही. महालातल्या वाड्यांतून 'रामराम' ऐकू येतो, तुकडोजी महाराजांचे भक्त 'जय गुरु' म्हणतात, गोंड बांधव 'जय सेवा' म्हणतात. १८६१ साली नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले आणि सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचा शेकहँड आला. पण दसऱ्याच्या संध्याकाळी सारे भेद मावळतात. आपट्याची पाने हातात ठेवायची, थोरांच्या पाया पडायचे आणि बरोबरीच्याला कडकडून भेटायचे, हीच त्या दिवशीची रीत.

नेमकी हीच रीत फ्लूच्या पथ्यावर पडते. खोकताना, शिंकताना उडणारे तुषार आणि तोंडावरून फिरलेला हात ही त्याची वाहने. ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासून रोगी दुसऱ्याला रोग देऊ शकतो; म्हणजे भेटणाऱ्याला स्वतःलाच पत्ता नसतो! १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि अतिशय होरपळलेल्या प्रांतांत आमचा मध्यप्रांत होता. तान्ह्या पोळ्याला इतवारीतून काळ्या-पिवळ्या मारबती निघतात. रोगराई, खोकला घेऊन जा, असे आम्ही त्यांना ओरडून सांगतो. पण मारबतीने नेलेला खोकला आम्ही दसऱ्याच्या गळाभेटीत परत आणावा, याला काय म्हणावे?

२०२० साली करोनाने सर्वांनाच दूर उभे केले. मार्च महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी स्पेनच्या राजाराणीचे हात जोडून स्वागत केले, तेव्हा आपल्याकडे अनेकांची छाती फुगली. 'पाहा, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते!' असे जो तो म्हणू लागला.

नागपूरच्या माणसाने मात्र हे वाक्य जरा जपून उच्चारावे. दूर उभे राहण्याचा एक दुसरा इतिहास या मातीत आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाने अंतर राखून वाकून 'जोहार' घालायचा, आणि समोरच्याने त्याची सावलीही टाळायची. त्या अंतराला आरोग्याशी काही कर्तव्य नव्हते. ते जन्माने लादलेले होते आणि कधीच संपत नव्हते. म्हणूनच शेजारच्या कामठीचे बाबू हरदास यांनी 'जय भीम' हे अभिवादन रुजवले, ते केवळ शब्द बदलण्यासाठी नव्हे. ताठ मानेने, बरोबरीने घालता येईल असा तो नमस्कार होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. आंबेडकरांनी येथेच धम्मदीक्षा घेतली, आणि आज दीक्षाभूमीवर लाखो कंठांतून तोच शब्द उमटतो. २०२० च्या दसऱ्याला तो सोहळाही भरला नाही. लोकांनी घरीच वंदना केली, 'जय भीम' फोनवरून गेला. आणि त्याचे तेज रतिभरही उणे झाले नाही.

नमस्कार बदलता येतो, हे या शहराने जगाच्या कितीतरी आधी करून दाखवले आहे. तेव्हा साथीच्या दिवसांत तो पुन्हा थोडा बदलायला आपण का कचरावे? अट इतकीच की, हे अंतर सर्वांना सारखे असावे. साहेबाला शेकहँड आणि भांडी घासणाऱ्या बाईला मात्र 'लांब उभी राहा' असे नसावे. ज्याला सर्दीताप आहे त्याने आपण होऊन मागे सरावे, आणि घरच्यांनी त्याचा राग मानू नये. आठवडाभराने, ताप-खोकला निवल्यावर, राहिलेली गळाभेट व्याजासह वसूल करावी.

यंदा सोने वाटताना किंवा दिवाळीच्या फराळाला जाताना घसा खवखवत असेल, तर दारातूनच हात जोडा. आजीच्या पाया पडायला पुढच्या आठवड्यात या. ती तुम्हांला पोटाशी धरल्याशिवाय राहत नाही, आणि तिच्या वयाला फ्लू झेपत नाही. 'दुरून नमस्कार' या शब्दांतला कंटाळा असा हळूहळू जाईल आणि त्यांत माया येईल.