उंबऱ्याबाहेरचे औषध

डॉक्टर असूनही वडिलांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. ती आज तुमच्यापुढे मांडावीशी वाटते.

पक्षाघाताच्या सौम्य झटक्यातून वडील सावरले, काठी टेकत घरात फिरू लागले. पण पुन्हा पडतील या धास्तीने मी त्यांचे बाहेर जाणेच बंद केले. चार महिन्यांत रक्तदाब आटोक्यात आला. भूक, झोप आणि बोलणे मात्र आटत गेले. एका संध्याकाळी ते म्हणाले, “मला जपून ठेवलंयस की नुसतं ठेवून दिलंयस?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांना धारावीलगतच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेले. फाटकाशीच ते थबकले. “अरे, इथे तर कचऱ्याचे ढीग होते! बसमधून जाताना नाकाला रुमाल लावायचो आम्ही.”

त्यांची आठवण खरी होती. मिठी नदीच्या काठच्या या जागेवर मुंबईचा कचरा वर्षानुवर्षे टाकला जात असे. 1977 मध्ये ते थांबले. पुढे कचऱ्यावर माती पसरून झाडे लावण्यात आली. 1983 मध्ये पहिले रोप लावले पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी. 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज सुमारे 37 एकरांवर दाट झाडी आहे, नदीकडेला खारफुटी आहे, पक्षी आणि फुलपाखरे आहेत.

बाकावर बसल्यावर वडिलांनी विचारले, “मग तो कचरा गेला कुठे?” मी म्हटले, “इथेच आहे, या मुळांखाली.” ते बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. तो हात पूर्ववत झालेला नाही, कदाचित होणारही नाही. तेवढ्यात तांबट टुक्‌टुक्‌ करू लागला आणि त्यांनी मान वर करून त्याला शोधायला सुरुवात केली.

तुमच्या घरीही कुणी असे ‘जपून ठेवलेले’ असेल, तर प्रथम त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि मग जवळच्या एखाद्या हिरव्या जागी त्यांना न्या. उद्यानाच्या वेळा आधी पाहा. सकाळचा गारवा गाठा. न घसरणारी पादत्राणे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पाणी विसरू नका; मधुमेह असल्यास थोडी साखर व खाऊ जवळ असू द्या. काठी सशक्त हातात असावी आणि सोबत्याने दुर्बल बाजूस चालावे. थोडे चालून झाले की बसा. छातीत दुखले, दम लागला वा भोवळ आली, तर तिथेच थांबा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळा.

पडण्याची भीती खरी आहे. मी ती नाकारत नाही. पण घरात कोंडून ती संपत नाही, उलट पायांतले बळ मात्र कमी होत जाते.

वडील आता शुक्रवारपासूनच विचारू लागतात, “परवा जायचंय ना?” त्यांच्या औषधांच्या यादीत मी एक ओळ वाढवली आहे: रविवार, सकाळी, झाडांखाली.