पंगत उठू द्या...

परवा धुळ्याला मामेबहिणीचं लग्न होतं. वाढून झालं, तसा मी घाईघाईने पत्रावळी उचलायला निघालो. मामा ओरडले, "थांबा ना भाचेबुवा, पंगत तर उठू द्या!" आणि मला एकदम जळगावची कॉलेजची लॅब आठवली.

२००५ची गोष्ट. लिनक्स कर्नल २.६ साठी मी एक चिमुकला ड्रायव्हर लिहिला होता. दर पाच सेकंदांनी टायमर वाजायचा आणि एक संदेश छापायचा, बस्स. प्रोजेक्टसाठी सरांनी रूट पासवर्ड दिला होता आणि सगळी मुलं त्याच सर्व्हरवर लॉगिन होती. 'एलएसएमॉड'मध्ये ड्रायव्हरचा वापर शून्य दिसला, म्हणून बिनधास्त 'आरएममॉड' मारलं. ड्रायव्हर गेला. दोन-तीन सेकंदांनी सर्व्हरही गेला! शेजारच्या मित्राने दुपारभर टाइप केलेला कोड सेव्ह केलेला नव्हता. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

चूक काय झाली? ड्रायव्हर काढायचा म्हणजे मंडप सोडायचा. आधी दार लावायचं, नवीन माणूस आत घ्यायचा नाही. मग बसलेले उठेपर्यंत थांबायचं. हा हिशोब कर्नल ठेवतो. पण "थोड्या वेळाने या" असं आपणच ज्याला सांगून ठेवलंय, तो त्या आकड्यात नसतो. माझा टायमर तसा होता. तो वेळेवर आला, तेव्हा मंडपच नव्हता. जाण्याआधी टायमर रद्द करणं, आणि तो नेमका चालू असेल तर संपेपर्यंत थांबणं, हे माझं काम होतं.

मोजणीतही गोम होतीच. पूर्वी बरेच ड्रायव्हर स्वतःच स्वतःचा आकडा वाढवायचे. म्हणजे पाहुण्याने आत येऊन मग वहीत नाव लिहायचं. तेवढ्यात कोणी दोर सोडले तर? २००२मध्ये रस्टी रसेल यांनी मॉड्यूलची यंत्रणा नव्याने लिहिली, तेव्हापासून नोंद दारातच, आत शिरण्याआधी. मंडप निघायला लागला असेल तर नोंदच मिळत नाही. तरीही हे काम इतकं नाजूक, की ड्रायव्हर काढण्याची सोयच कर्नल बनवताना बंद ठेवता येते.

हे सगळं मी वाचलं ते सर्व्हर पडल्यावर. मामांना न वाचताच माहीत होतं.

असो. मित्र आता बोलतो. फक्त मी त्याच्या कॉम्प्युटरजवळ गेलो की आधी सेव्ह करतो.