जबाबदारी कोणाची?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधले दोन महिने एका विम्याच्या मागे गेले. आयुर्विमा नव्हे, गाडीचाही नव्हे. आमच्या शेल्टरमधलं कुत्रं कोणाला चावलं तर, त्याचा विमा! घरी हे सांगितल्यावर "तुला दुसरे उद्योग नाहीत का?" हे ऐकून झालंय, म्हणून आता इथे लिहितेय.

सुरुवात झाली काळ्यापासून. गाडीखाली आलेला, मागचा पाय गेलेला. आमच्याकडे रविवारी येणारी कॉलेजातली एक मुलगी त्याची पट्टी बदलत होती. दुखऱ्या पायाला धक्का लागला आणि तो चावला. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात, मग इंजेक्शनं, हे सगळं वेळेवर झालं. पण अंगठ्याचं टेंडन दुखावलं होतं. ऑपरेशन करावं लागलं, तिची परीक्षा बुडाली.

आठवड्याने तिचे वडील आले. चहा घेतला. काळ्याला लांबून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "माझी तक्रार नाही. पण मला सांगा, ही जबाबदारी कोणाची?"

मी कपाटातून फॉर्म काढला. 'मी स्वतःच्या जबाबदारीवर काम करत आहे', खाली तिची सही. त्यांना दाखवायला गेले आणि हातच पुढे होईना. पार्किंगमधल्या 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत' या पाटीत आणि या कागदात फरक काय?

मीटिंगमध्ये एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "अहो, पुण्याचं काम करतोय आपण. आपल्यावर कोण केस करणार?" मला बोलता आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी विमा शोधायला लागले.

पहिल्या एजंटने विचारलं, "तुमच्याकडे घातक रसायनं कोणती?" म्हटलं, फिनेल. मग कळलं की तो १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याबद्दल बोलत होता. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला हा कायदा, घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा करणारा. आम्हाला हवी होती ती साधी पॉलिसी, कारखाने सोडून इतर जागांसाठी असते ती. दुसऱ्याने कुत्र्यांचा विमा काढून देतो म्हणून सांगितलं. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. चौथी एक ब्रोकर बाई भेटल्या. त्यांनी नीट समजावलं.

ही पॉलिसी 'कोणाला लागलं' म्हणून पैसे देत नाही, कायद्याने आपण जबाबदार ठरलो तर देते. एका अपघाताची मर्यादा वेगळी, वर्षाची वेगळी. पगारी कामगार तिच्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी. पत्ता लिहाल तेवढीच जागा धरली जाते, म्हणजे पिल्लं ज्यांच्या घरी सांभाळायला देतो ती घरं आधी सांगायला हवीत. आणि स्वयंसेवक? ते ना कामगार, ना पाहुणे. आमची मुलगी नेमकी त्या फटीत. त्यांच्यासाठी गटाचा अपघात विमा, आणि त्याला औषधोपचाराच्या खर्चाची जोड आठवणीने मागून घ्यायची.

मग त्यांनी फॉर्म दिला. प्राणी किती, कुंपण किती उंच, नवीन माणसाला शिकवतं कोण. आणि गेल्या तीन वर्षांत चावण्याच्या घटना किती?

इथे मी अडले. आमच्याकडे औषधांची वही आहे, तांदळाची आहे, देणग्यांची तर आहेच. चावल्याची नाही! कारण आमच्यात चावलं की माणूस हसून "माझंच चुकलं" म्हणतो. आम्ही एकमेकांना व्रण दाखवतो, अगदी पदकं दाखवावीत तसे. कुत्र्यावर आळ येऊ नये म्हणून सगळे गप्प. त्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षं प्रेम समजत होते.

दोन्ही पॉलिसी निघाल्या. मात्र झालेल्या गोष्टीला त्यांचा काही उपयोग नव्हता. विमा पुढचाच असतो. ऑपरेशनचं बिल आम्ही पत्र्याच्या फंडातून दिलं. ज्येष्ठ विश्वस्त नाराज आहेत. यंदाच्या पावसात मागची दोन पिंजऱ्यांची रांग गळणार, हे मलाही दिसतंय.

आता नवीन माणसाला कुत्र्यांच्या चावण्याआधीची रेबीजची लस घेतल्याशिवाय आत सोडत नाही. दोन नेहमीचे लोक त्यामुळे रागावून यायचे बंद झाले. असो.

गेल्या रविवारी ती आली. अंगठा अजून पूर्ण वाकत नाही. मी नवी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, पहिली नोंद तूच कर. तिने तारीख घातली, काळ्याचं नाव लिहिलं. 'कारण' या रकान्यापाशी जरा थांबली. आता ही "माझी चूक" लिहिणार, असं मला वाटलं.

तिने लिहिलं, 'मझल घातलं नव्हतं. कोणी शिकवलं नव्हतं.'

मी खाली सही केली.